ब्लोअर फक्त ४ वर चालतो, रेझिस्टर पुन्हा जळाला. मग मेन फ्यूज का उडत नाही?

गुहागर_रोड

नमस्कार. मी चिपळूणला राहते आणि रोज गुहागरच्या बाजूला शाळेत गाडीनं जाते-येते. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. एसी साधा, ब्लोअरला १-२-३-४ असा फिरवायचा नॉब. आमच्याकडे पावसाळा लागला की काचेवर आतून वाफ धरते, त्यामुळे घरापासून शाळेपर्यंत ब्लोअर २ वर चालूच असतो.

गेल्या पावसाळ्यात १, २ आणि ३ बंद पडले, वारा फक्त ४ वर. गॅरेजमध्ये सांगितलं की रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा पार्ट, गेलाय; त्यांनी बदलून दिला. यंदा मृग संपता संपता परत तेच. या वेळी जुना पीस मागून घेतला. प्लास्टिकच्या पट्टीवर स्प्रिंगसारख्या तीन कॉइल आहेत आणि त्यांच्या शेजारी दोन पायांचा एक बारीक तुकडा. कॉइल तिन्ही धडधाकट दिसतात, पण कपलर (वायरींचा प्लग) बसतो त्या बाजूचं प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी पडून फुगलंय.

एक मेकॅनिक म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता. दुसरा म्हणतो, मधे तार मारून देतो, परत कधी तक्रार येणार नाही. मला तीन गोष्टी कळत नाहीत. वाऱ्याच्या यंत्रात एवढी उष्णता येते कुठून? पार्ट जळेपर्यंत फ्यूजबॉक्समधला ३० अँपिअरचा फ्यूज शांत कसा बसतो? आणि तोवर ४ वर चालवलं तर चालेल का?

गणित शिकवते, त्यामुळे आकडे टाकलेत तरी चालतील.

वाकडचा_विन्या

एसीचा फिल्टर बदला. तो चोंदला की मोटरवर लोड येतो, मोटर जास्त करंट खेचते आणि रेझिस्टर उडतो. माझ्या गाडीचा फिल्टर काढला तेव्हा त्यात पिंपळाची पानं आणि उंदरानं आणून ठेवलेला कापूस निघाला होता.

नांदगावकर

ताई, तो दोन पायांचा बारीक तुकडा म्हणजे थर्मल फ्यूज. तोच गेलाय, कॉइल चांगल्या आहेत. दोन्ही पाय तारेनं जोडा, झालं काम. उगाच चार-पाचशे कशाला घालवता? माझ्या पिकअपला कधीपासून तसंच आहे, काही झालेलं नाही.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते तातडीचं आहे. ४ वर कॉइल वगळून करंट थेट जातो, म्हणूनच रेझिस्टर मेला तरी ४ चालतो. पण बऱ्याच गाड्यांत हा थेट करंटसुद्धा रेझिस्टरच्याच कपलरमधनं पुढं स्विचकडं जातो. तुमचं प्लास्टिक नेमकं पिनेपाशी तपकिरी आहे, म्हणजे तिथला कॉन्टॅक्ट ढिला पडलाय. चालवा, पण दहा-पंधरा मिनिटांनी गाडी उभी करून ग्लोव्ह बॉक्सच्या खालून त्या कपलरला हात लावून बघा. कोमट असला तर ठीक. हात ठेववत नसेल तर ब्लोअर बंद आणि काच फडक्यानं पुसा.

आता उष्णतेचं. ब्लोअरची मोटर एकच, तिला वेग कमी करायचं दुसरं साधन या जुन्या पद्धतीत नाही. मोटरच्या रांगेत कॉइल घालायची, थोडा व्होल्टेज कॉइलनं खायचा, उरलेला मोटरला. जो कॉइलनं खाल्ला त्याची सगळी उष्णता होते, दुसरीकडं जायला त्याला जागाच नाही.

छोट्या गाडीत साधारण असं असतं. इंजिन चालू असताना सिस्टिमला साडेतेरा व्होल्ट धरा. २ नंबरवर रांगेत १ ओहमच्या आसपास कॉइल येते. मोटर चांगली असेल तर ५ अँपिअर वाहतात. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २५ वॅट. आमच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न असतो तोही २५ वॅटचाच. म्हणजे गाडी अगदी ठणठणीत असतानासुद्धा तुमच्या डॅशबोर्डच्या आत एक सोल्डरिंग आयर्न तापत असतो! तो प्लास्टिक वितळवत नाही, कारण तो वाऱ्याच्या वाटेत बसवलाय. वारा फिरवणाऱ्या मोटरला आवर घालणारा पार्ट त्याच वाऱ्यानं थंड राहतो. डिझाइन झकास आहे, फक्त वारा वाहत राहिला पाहिजे.

आता मोटरचे बुश, म्हणजे तिचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या कड्या, कोरडे पडले समजा. पंखा जड फिरतो आणि करंट ५ चा ७ होतो. तुम्ही गणिताच्या, सातचा वर्ग एकोणपन्नास. करंट दीडपटही झाला नाही पण उष्णता दुप्पट झाली, आणि पंखा हळू फिरतोय म्हणून वारा कमी. दोन्हीकडनं मार.

मोटर पूर्ण जाम झाली तर? फिरत्या मोटरमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो, तोच तिचा करंट आवरतो. फिरणं थांबलं की तो गेला. मग उरतो मोटरच्या तारेचा नि वायरिंगचा मिळून अर्धा-एक ओहम. अर्धा धरा. साडेतेरा भागिले दीड, ९ अँपिअर. कॉइलवर ८१ वॅट, आणि वारा शून्य.

तुमच्या फ्यूजचं उत्तर यातच आहे. मेन फ्यूज ३० चा. सगळ्यात वाईट अवस्थेत, मोटर ठार जाम असताना, २ नंबरवर ९ अँपिअर वाहतात. त्या फ्यूजच्या दृष्टीनं सगळं आलबेल आहे. करंट अडवणारी कॉइलच तर मधे बसलीये, मग फ्यूजपर्यंत गडबड पोचणार कशी? तो फ्यूज वायरिंग जळू नये म्हणून आहे, रेझिस्टर जळू नये म्हणून नाही. रेझिस्टरचा राखणदार म्हणजे तो दोन पायांचा तुकडा. त्याला करंटशी देणंघेणं नाही, अंगावर छापलेल्या तापमानाला पोचला की आतला धातू वितळतो आणि वाट कायमची तुटते. परत थंड होऊन जोडला जात नाही.

म्हणून नांदगावकर, राग मानू नका, पण ती तार आजच काढा. तार मारल्यावर त्या सर्किटमध्ये तापमान बघणारं कुणी उरलेलं नाही. कॉइल नायक्रोमची, ती वितळायला १४०० अंशांच्या आसपास लागतात. तिला काही होत नाही. ती ज्या प्लास्टिकवर उभी आहे ते सव्वादोनशे-अडीचशेला पाणी होतं. आणि बाजूला काय असतं? पंखा प्लास्टिकचा, डक्ट प्लास्टिकचा, वर कागदी फिल्टर आणि त्यात विन्यासाहेबांच्या उंदराचा कापूस. तुमची मोटर आजपर्यंत जाम झाली नाही म्हणून गाडी उभी आहे.

विन्यासाहेब, फिल्टर बदला हे बरोबर, पण तुम्ही दिलेलं कारण उलटं आहे. ब्लोअरचा पंखा पिंजऱ्याचा असतो, हवा मधून ओढून कडेनं फेकणारा. अशा पंख्याची हवा अडवली की त्याला फेकायला काही उरत नाही, तो हलका होतो, वेग चढतो आणि करंट उतरतो. खात्री करायची तर फिल्टर काढून त्या तोंडावर पुठ्ठा धरा, आवाज चढलेला ऐकू येईल. फिल्टर चोंदल्यानं रेझिस्टर मरतो तो लोडनं नव्हे. करंट उतरतो थोडा, आणि त्याच्यावरनं जाणारा वारा उतरतो कितीतरी जास्त. लोक फिल्टर बदलून निवांत होतात आणि जड मोटर तशीच राहते, म्हणून हा फरक सांगत बसलो.

ताई, तुमच्याकडं मला मोटरचाच संशय आहे. कोकणातली गाडी, झाडाखाली उभी राहत असणार. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथं पानं साठतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि साठलेलं पाणी ब्लोअरच्या तोंडातनं आत उतरतं. खाली मोटर असते. सकाळी पहिल्यांदा १ वर लावला की किंवा वळणावर चिरचिर येते का?

वाकडचा_विन्या

पुठ्ठा धरून बघितला. आवाज खरंच चढला. मान्य, पण उंदराचा कापूस माझा नव्हता, उंदराचा होता.

नांदगावकर

राग कसला. पण एक विचारतो, थर्मल फ्यूज नुसता वेगळा मिळतो. तोच सोल्डर करून बसवला तर?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

मिळतो. पण जो तुकडा तापला की तुटतो, त्याला तुम्ही सोल्डरिंग आयर्ननं तापवणार! दहातले निम्मे बसवतानाच जातात. पाय लांब ठेवून, मधे चिमट्यानं धरून, झटपट काम केलं तर वाचतो. शिवाय तापमान पहिल्याइतकंच घ्यायचं, दुकानात जे मिळेल ते नाही. आणि सोल्डरचं टाकं गरम जागी नरम पडतं, म्हणून कंपनी तिथं दाबून किंवा वेल्ड करून जोडते. एवढ्या खटाटोपापेक्षा अख्खा रेझिस्टर घ्या. कमी दर्जाचे येतात हे खरं, पण चांगल्या मोटरबरोबर तेही बरेच दिवस काढतात.

गुहागर_रोड

चिरचिर येते! डावीकडच्या वळणाला हमखास. मी ती डॅशबोर्डची समजत होते. गाडी जांभळाच्या झाडाखाली असते हेही बरोबर.

करंट मोजायचा कसा? आमच्या विज्ञानाच्या सरांकडे साधं मल्टिमीटर आहे. त्यावर १० अँपिअर असं लिहिलेलं एक भोक आहे.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

त्या भोकाला हात लावू नका. ४ वर दहाच्या वर जाईल आणि सरांच्या मीटरचा फ्यूज जाईल. आम्ही टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर, लावतो; तोही बॅटरीचा डीसी करंट मोजणारा लागतो. घरच्या वायरिंगवाल्याकडं असतो तो बहुतेक वेळा घरच्या एसी करंटचाच असतो, गाडीवर काही दाखवत नाही.

पण तुमचा नवा रेझिस्टर हाच शंट म्हणून, म्हणजे ज्याच्यावरच्या व्होल्टेजवरनं करंट काढता येतो असा माहितीतला रोध म्हणून, वापरता येतो. बसवायच्या आधी २ नंबरच्या वाटेचा रोध मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते बघा, दोन-तीन दशांश ओहम दाखवेल. तेवढे वजा करा, नाहीतर एक ओहममध्ये ती चूक फार मोठी होते. मग रेझिस्टर बसवून गाडी चालू करा, नॉब २ वर ठेवा आणि कपलरच्या मागच्या बाजूनं पिना घालून त्याच दोन टोकांमधला व्होल्टेज घ्या. व्होल्टेज भागिले रोध, तुमचा करंट आला.

मीटर लावलेलाच आहे तर एक काम अजून. नॉब ४ वर करून तपकिरी पिनेची वायर आणि रेझिस्टरवरची त्याच पिनेची पट्टी, यांच्यामधला व्होल्टेज बघा. पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. अर्धा दिसला तर १२ अँपिअरला त्या एवढ्याशा जागेत ६ वॅट तापताहेत. बऱ्याचदा रेझिस्टर जळाला म्हणून आणतात तो जळालेला नसतोच, कपलर जळालेला असतो. त्यावर नवा रेझिस्टर बसवला की नव्याची पिनही भाजते.

गुहागर_रोड

रविवारी सर मीटर घेऊन आले. मोजमापं अशी:

२ नंबरचा रोध, पिनांचे वजा करून, १.१ ओहम. इंजिन चालू, २ वर व्होल्टेज ७.७. म्हणजे बरोब्बर ७ अँपिअर आणि ५४ वॅट. तुम्ही उदाहरण म्हणून दिलेला आकडा जसाच्या तसा आला म्हणून सर माझ्याकडे संशयानं बघत होते. ४ वर तपकिरी पिनेपाशी ०.६ व्होल्ट.

मग जाळी उघडली. जांभळाच्या पानांचा अक्षरशः चिखल. दोन्ही बाजूंची पाणी जायची भोकं बुजलेली. तार घातल्यावर तांब्याभर काळं पाणी खाली आलं. मोटरचे तीन स्क्रू खालून निघतात, ती काढली. पंखा बोटानं फिरवला तर अर्ध्या फेरीत थांबतो. शाफ्टवर गंज आणि पंख्याच्या पात्यांमध्ये सुकलेली पानं.

सर म्हणताहेत शिलाई मशीनचं तेल घालू, मोकळी होईल. घालू का?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

घातलंत तर चार-आठ दिवस मस्त फिरेल. मग दोन गोष्टी होतात. ते बुश सच्छिद्र पितळेसारख्या धातूचे असतात, तेल आतल्या छिद्रांत भरलेलं असतं. गंजलेला शाफ्ट बुशला ओरखडतो, छिद्रं दडपली जातात, तेल धरायला जागा राहत नाही. दुसरं, जादा तेल वर कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे ठोकळे घासून करंट देतात तिथं, चढतं आणि कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचं काळं पीठ होतं. मग कार्बन ठिणग्या मारतात. शाफ्ट नुसता मळलेला असता तर मी पुसून, थेंबभर घालून चालवली असती. गंज धरलेली मोटर मी ठेवत नाही. बदला. पंख्यासकटच घ्या, जुना पंखा नव्या मोटरवर दाबून बसवला की तोल जातो आणि परत कंप सुटतो.

कपलरचं काम मोटरबरोबरच उरका. ०.६ व्होल्ट म्हणजे ती पिन गेलीच. पिन पक्कडीनं दाबून घट्ट करतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ती तापून तिची स्प्रिंग मेलेली असते, दाबलेली परत उघडते. नवा कपलर बोटभर वायरसकट मिळतो. जुन्या वायरीचा काळा पडलेला भाग कापून, लखलखीत तांबं लागेपर्यंत मागं या आणि तिथं जोड क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबा. वायर पहिलीपेक्षा बारीक नको.

गुहागर_रोड

मोटर, रेझिस्टर, कपलर, फिल्टर सगळं नवीन झालं. पुन्हा मोजलं. २ वर रेझिस्टरवरचा व्होल्टेज ५.३, म्हणजे ४.८ अँपिअर, साधारण २५ वॅट. कपलरवर ०.०५. वारा आता २ वर पूर्वीच्या ३ इतका लागतो आणि काच वाशिष्ठीच्या पुलापर्यंत पोचायच्या आत साफ होते. वळणावरची चिरचिर गेली. मेकॅनिकला आकडे दाखवले, तो म्हणाला "पार्ट डुप्लिकेटच होता".

नववीच्या वर्गाला वर्गाच्या प्रमाणाचं उदाहरण म्हणून हेच घातलं. एका मुलानं विचारलं की वेग कमी करायला वीज जाळायचीच कशाला, दुसरा उपाय नाही का? मी म्हटलं विचारून सांगते.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

पोरगं हुशार आहे. उपाय आहे. करंट अडवायच्या ऐवजी तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. चालू असताना पूर्ण चालू, बंद असताना पूर्ण बंद, मधे अडवणारं कुणी नाही म्हणून उष्णता फार कमी. नव्या बऱ्याच गाड्यांत तसं असतं. कॉइल स्वस्त आणि तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून साध्या एसीच्या गाड्यांत ती इतकी वर्षं टिकली.

वर्धा_रोड_४५अंश

नागपूरहून. माझ्या गाडीत ऑटो एसी आहे, नॉबच्या जागी बटणं. रेझिस्टर नाही, ॲल्युमिनियमच्या फासळ्यांचं एक मॉड्यूल आहे. परवापासून ब्लोअर फुल वेगानं चालतो, बटणानं कमी होत नाही. चावी काढली तरी बंद होत नाही. मे महिन्यात तर दिवसभर चालवला होता. त्याचंही हेच असेल का?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

सख्खा भाऊ नाही, चुलत. त्यात ट्रान्झिस्टर असतो. काही मॉड्यूल वर सांगितल्यासारखी चालू-बंद करतात, काही मात्र ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून कॉइलसारखीच वीज जाळतात. ही दुसरी जात मधल्या वेगाला सगळ्यात जास्त तापते. अगदी हळू असताना करंट कमी, फुल असताना ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजच कमी, मधे मात्र दोन्ही भरपूर. म्हणून त्या ॲल्युमिनियमच्या फासळ्या वाऱ्यात ठेवलेल्या असतात. तुमच्याकडं बाहेरची हवाच ४५ अंशांची, ती आत घेऊन एसी चालवला तर फासळ्यांना थंड करायला तीच येते. उन्हात गाडी थंड होईपर्यंत काचा खाली करा, मग हवा आतल्या आत फिरवा.

कॉइल तुटली की वाट तुटते. ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा उलटा मरतो, आतून शॉर्ट होतो आणि वाट कायमची उघडी राहते. तुमचं तेच झालंय. मॉड्यूल बदलावं लागेल, आणि बदलणाऱ्याला आधी मोटरचा करंट मोजायला लावा, नाहीतर नवंही त्याच वाटेनं जाईल. तोवर रात्री गाडी लावताना ब्लोअरचा फ्यूज काढून खिशात ठेवा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असेल.